‘संविधान मीच जाळीन’ : बाबासाहेब हे कधी, कोठे आणि कशासाठी म्हणाले?

गेल्या वर्षावासातली गोष्ट आहे. मेहकरच्या कोर्टातली तारीख आटोपून आम्ही संध्याकाळी साखरखेर्ड्याला पोचलो. विहारात ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन चालू असेल, शेवटच्या बाकावर बसून ऐकावे, असा आमचा विचार होता. पाहतो तो वाचन बंद, ग्रंथावर कापड टाकलेले आणि बाहेर वीस-पंचवीस माणसे घोळका करून उभी!

विचारपूस केली तेव्हा कळले की, आपल्याच वस्तीतल्या एका तरुणाने मोबाईलवर स्टेटस ठेवले होते. निळ्या रंगावर बाबासाहेबांचा फोटो आणि खाली एकच वाक्य, संविधान जाळणारा पहिला माणूस मी असेन, अशा अर्थाचे. पोरगा पदवीच्या दुसऱ्या वर्षाला, शिष्यवृत्ती रखडलेली, घरी सोयाबीन पावसाने गेलेले. रागाच्या भरात कुठून तरी आलेले चित्र त्याने पुढे ढकलले. त्याच्याच वर्गातल्या, पण दुसऱ्या समाजाच्या मुलाने त्यावर उत्तर दिले की, मग चला, दोघे मिळून जाळू, तुमच्याच साहेबांनी सांगितले आहे. झाले! चहाच्या टपरीवर दोघांची गाठ पडली. शब्दाने शब्द वाढला आणि कॉलर धरण्यापर्यंत मजल गेली. दोन्हीकडच्या जाणत्या माणसांनी सोडवले म्हणून प्रकरण तिथेच थांबले, नाहीतर दुसऱ्या दिवशी आम्हालाच जामिनाचे कागद करावे लागले असते.

आम्हाला पाहताच एक म्हातारबा पुढे आले. आयुष्यभर सालदारी केलेला माणूस, पण दरवर्षी दीक्षाभूमीला न चुकता जाणारा. म्हणाले, “वकीलसाहेब, तुम्हीच सांगा. बाबासाहेब असं बोलले का? नसतील बोलले तर या पोट्ट्याच्या कानाखाली वाजवतो. आन् बोलले असतील, तर मंग आपण सव्वीस नोव्हेंबरले संविधानाची रॅली कावून काढतो?”

असा नेमका प्रश्न आम्हाला पंचवीस वर्षांच्या वकिलीत फार थोड्या न्यायाधीशांनी विचारला असेल. आम्ही खरे तेच सांगितले, “बोलले, बाबा. बाबासाहेब बोलले.” घोळका एकदम गप्प झाला. तो पोरगा मान वर करून बघू लागला, जणू खटला जिंकला! मग आम्ही त्याला म्हणालो, “थांब लेका. साक्षीदाराचे एक वाक्य वाचलेस. जबाब अजून वाचायचा आहे.”

त्या रात्री विहारात जे बोललो ते येथे सविस्तर मांडत आहोत. कारण हे स्टेटस साखरखेर्ड्यापुरते नाही. ते महाराष्ट्रभर फिरते आहे आणि ते फिरवणाऱ्यांत आपलेही आहेत, परकेही आहेत.

आता तारीख पाहू. २ सप्टेंबर १९५३. स्थळ राज्यसभा. चर्चेला होते आंध्र राज्य विधेयक. स्वतंत्र आंध्रसाठी पोट्टी श्रीरामुलू यांनी प्राणांतिक उपोषण केले होते आणि डिसेंबर १९५२ मध्ये त्यांचा मृत्यू झाला होता. भाषेच्या पायावर उभे राहणारे नवे राज्य येऊ घातले होते. बाबासाहेब त्या वेळी सरकारात नव्हते. २७ सप्टेंबर १९५१ रोजी त्यांनी कायदामंत्रिपदाचा राजीनामा दिला होता. १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत मुंबईतून काँग्रेसच्या उमेदवाराने त्यांचा पराभव केला होता. म्हणजे ज्यांनी घटना लिहिली ते विरोधी बाकावर, आणि ज्यांच्या हाती ती राबवायला दिली ते समोरच्या बाकावर!

बाबासाहेबांचा मुद्दा असा होता की, नव्या राज्यात बहुसंख्यांच्या हाती सगळी सत्ता जाणार. तेव्हा तिथल्या अल्पसंख्यांचे काय? त्यांच्या रक्षणासाठी राज्यपालाला काही विशेष अधिकार असावेत, असे ते सांगत होते. येथे ‘अल्पसंख्य’ हा शब्द नीट समजून घेतला पाहिजे. आजच्या पोराला हा शब्द ऐकला की एकच समाज आठवतो. बाबासाहेबांनी १९४७ साली ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ हे निवेदन तयार केले, त्यात अनुसूचित जाती याही अल्पसंख्यच आहेत, किंबहुना इतर अल्पसंख्यांपेक्षा त्यांची अवस्था अधिक बिकट आहे, अशी मांडणी आहे. म्हणजे १९५३ साली ते राज्यसभेत तुमच्या-आमच्याविषयीच बोलत होते. गावात पाच घरे महारांची, दोन मांगांची, एक चांभाराचे. राज्य भाषेचे झाले तरी गाव तेच राहणार आणि पाटीलही तोच राहणार, ही ती चिंता होती.

तेव्हा समोरून नेहमीचा टोला आला की, घटना तर तुम्हीच केली आहे. हा टोला बाबासाहेबांना नवीन नव्हता. त्यावर ते उसळले. मला जे करायला सांगितले ते मी केले, पुष्कळसे तर माझ्या मनाविरुद्ध केले, असे ते म्हणाले. आणि त्याच ओघात ते वाक्य आले की, मित्र म्हणतात मी घटना केली, पण ती जाळून टाकणारा पहिला माणूस मीच असेन, मला ती नको, ती कोणालाच सोयीची नाही. स्टेटसवाल्यांचा मजकूर येथे संपतो.

बाबासाहेबांचे बोलणे मात्र येथे संपत नाही. लागलीच पुढे ते सांगतात की, हीच घटना पुढे चालवायची असेल तर या देशात बहुसंख्यही आहेत आणि अल्पसंख्यही आहेत, हे विसरू नका. तुम्हाला मान्यता दिली तर लोकशाहीला धोका होईल, असे म्हणून अल्पसंख्यांना झटकून टाकता येणार नाही. खरा धोका अल्पसंख्यांना दुखावण्यातच आहे. आता सांगा, हे घटनेविरुद्धचे भाषण आहे की घटनेत दुबळ्यांना आणखी संरक्षण मागणारे आहे? वाक्याची शेपटी कापली आणि त्याचा अर्थच उलटा करून टाकला.

बरे, ही गोष्ट त्यांच्याही कानावर पुन्हा आली. १९ मार्च १९५५ रोजी राज्यसभेतच घटनेच्या चौथ्या दुरुस्तीवर चर्चा चालू असताना पंजाबचे सदस्य डॉ. अनूप सिंग यांनी बाबासाहेबांना त्या वाक्याची आठवण करून दिली. बाबासाहेबांनी ते वाक्य नाकारले नाही. मागच्या वेळी घाईत कारण सांगायचे राहिले, आता संधी मिळाली आहे तर सांगतो, अशा भावाने त्यांनी दृष्टांत दिला. देवासाठी मंदिर बांधावे आणि देवाची प्रतिष्ठापना होण्याआधीच राक्षसाने ते बळकवावे, तर मंदिर पाडण्यावाचून दुसरे काय उरते? ते देवांसाठी बांधले होते, असुरांसाठी नव्हे. म्हणून मी जाळण्याची भाषा केली.

एका सदस्याने लगेच मध्येच म्हटले की, मग मंदिर कशाला पाडता, राक्षसालाच घालवा की! हा प्रश्न आजही कोणीही विचारील. बाबासाहेबांचे उत्तर असे की, ते तुमच्याने होणार नाही, तेवढे बळ आपल्यात नाही. आणि त्यांनी शतपथ ब्राह्मणाचा दाखला देऊन देव-असुरांच्या लढाईत असुरच कसे वरचढ ठरत आले, ते ऐकवले. ज्यांचे ग्रंथ त्यांनाच ऐकवायचे, ही बाबासाहेबांची जुनी पद्धत! (देव-असुराचे रूपक वापरले म्हणून बाबासाहेब देव मानत होते, असा शोध उद्या एखादा विद्वान लावील. तेही स्टेटस आम्ही बघण्याची तयारी ठेवली आहे.)

या दोन्ही दिवसांची भाषणे महाराष्ट्र शासनाने प्रसिद्ध केलेल्या ‘लेखन आणि भाषणे’च्या पंधराव्या खंडात आहेत. मूळ इंग्रजीत आहेत. घराघरांत खंडांचे गठ्ठे आहेत, कपाटाला काच आहे, काचेवर हार आहे. पाने मात्र अजून चिकटलेली आहेत, हे कटू असले तरी सत्य आहे.

संदर्भ काढून घेतला की काय होते, ते ९ ऑगस्ट २०१८ रोजी दिल्लीच्या जंतरमंतरवर दिसले. काही लोकांनी उघडपणे संविधानाची प्रत जाळली, आरक्षणाविरुद्ध आणि बाबासाहेबांविरुद्ध घोषणा दिल्या. देशभर संताप उसळला, गुन्हे दाखल झाले. त्यानंतर अशा लोकांचे कैवारी आम्हाला विचारू लागले की, तुमचे आंबेडकरही तेच म्हणाले होते ना? नाही! १९५३ चे बोलणे दुबळ्याला संरक्षण कमी पडते म्हणून होते. २०१८ ची काडी दुबळ्याला दिलेले संरक्षण डोळ्यात खुपते म्हणून ओढली गेली. क्रियापद एकच, ‘जाळणे’. पण एकाचा हात घराला आग लागल्यावर दार फोडणाऱ्याचा आहे आणि दुसऱ्याचा हात आग लावणाऱ्याचा. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला मनुस्मृतीचे दहन झाले तेही जाळणेच होते. आणि तो ठराव मांडणारे गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे जन्माने ब्राह्मण होते, हे सांगितले की आजही अनेकांचे चेहरे बघण्यासारखे होतात. कोण जाळतो, काय जाळतो आणि कोणासाठी जाळतो, हे विचारल्याशिवाय धुराचा अर्थ कसा लावणार?

आम्ही वकील असल्यामुळे आमच्या डोक्यात लगेच कलम येते. १८७२ च्या भारतीय पुरावा कायद्यात ३९ वे कलम होते. १ जुलै २०२४ पासून त्याची जागा भारतीय साक्ष्य अधिनियमाने घेतली आणि तीच तरतूद आता ३३ व्या कलमात आहे. तिचा सारांश साधा आहे. एखादे विधान हे लांब संभाषणाचा, दस्तऐवजाचा, पुस्तकाचा किंवा पत्रव्यवहाराचा भाग असेल, तर त्या विधानाचे स्वरूप, परिणाम आणि ते कोणत्या परिस्थितीत केले गेले, हे पूर्ण कळण्यासाठी कोर्टाला जेवढे आवश्यक वाटेल तेवढे सगळे पुराव्यात आले पाहिजे. त्यात इलेक्ट्रॉनिक नोंदीही स्पष्टपणे येतात. म्हणजे बारा सेकंदांची क्लिप असली तरी कोर्ट विचारणार की, आधी काय आणि नंतर काय? दहा रुपयांच्या उसनवारीच्या खटल्यात आम्ही हा नियम पाळतो. आणि बाबासाहेबांच्या शब्दांच्या बाबतीत? तेथे मात्र फॉरवर्ड केले की झाले!

खरे म्हणजे साखरखेर्ड्याच्या माणसाला ही गोष्ट दुसऱ्याने शिकवण्याची गरज नाही. १७२४ साली याच गावाच्या रानात मोठी लढाई झाली. दिल्लीच्या बादशहाचा वजीर निजाम-उल-मुल्क दरबार सोडून दक्षिणेकडे निघून आला होता. बादशहा मुहम्मदशहाला तो नकोसा झाला होता, पण उघडपणे हात लावण्याची हिंमत नव्हती. म्हणून त्याने हैदराबादच्या मुबारिझखानाला आतून चिथावणी दिली की, निजामाला हटव, दख्खनची सुभेदारी तुझी. साखरखेर्ड्याला दोघांची गाठ पडली. बाजीराव पेशव्याची फौज निजामाच्या बाजूला होती. मुबारिझखान मारला गेला.

आणि मग निजामाने काय केले? मुबारिझखानाचे मुंडके दिल्लीला बादशहाकडे पाठवून दिले, सोबत अभिनंदन, की हुजुरांच्या राज्यातले एक बंड मोडले! आता हा निरोप एकटाच वाचा. वाटेल, केवढा राजनिष्ठ सरदार! पण ज्याला ठाऊक आहे की त्या ‘बंडखोराला’ खुद्द बादशहानेच पाठवले होते, त्याच्या अंगावर काटा येईल. ते अभिनंदन नव्हते, ती धमकी होती. बादशहाला ती बरोबर समजली. पुढच्याच वर्षी त्याने निजामाला दख्खनच्या सुभेदारीवर कायम केले आणि ‘आसफजाह’ हा किताब दिला. हैदराबादचे आसफजाही राज्य १७२४ पासून मोजतात, ते याच लढाईमुळे. निजामाने गावाचे नाव बदलून फतेहखेर्डा ठेवले. इंग्रजी अमदानीच्या कागदांतही ते नाव सापडते. लोकांच्या तोंडी मात्र साखरखेर्डाच राहिले.

तीनशे वर्षांपूर्वी बादशहाला जेवढे कळले तेवढे आपल्याला मोबाईल हातात असून कळू नये?

येथपर्यंत वाचून आपले वाचक माना डोलावत असतील. मनुवादी लोक बाबासाहेबांची वाक्ये कशी तोडतात, हे ऐकायला आपल्याला आवडते. पण आपले काय? चळवळीतल्या माणसाने आधी स्वतःची उलटतपासणी करावी, असे आमचे स्पष्ट मत आहे.

बुलडाणा जिल्ह्यात कोणत्याही गावात जा, कमानीवर लिहिलेले असते, ‘शिका, संघटित व्हा, संघर्ष करा’. हा आपला महामंत्र आहे, याबद्दल दुमत नाही. पण जुलै १९४२ मध्ये नागपूरच्या अखिल भारतीय परिषदेत बाबासाहेबांनी इंग्रजीत जो संदेश दिला, त्यातला क्रम ‘एज्युकेट, अॅजिटेट, ऑर्गनाईज’ असा आहे. १९२४ साली स्थापन झालेल्या बहिष्कृत हितकारिणी सभेचे ब्रीदही हेच होते. मधला शब्द शेवटी गेला आणि ‘अॅजिटेट’चे ‘संघर्ष’ झाले. अॅजिटेट म्हणजे नुसते रस्त्यावर उतरणे नव्हे. त्यात आधी मन ढवळून निघणे आहे, अन्यायाची चीड येणे आहे. शिकलेल्या माणसाचे मन ढवळले की तो दुसऱ्याचा हात धरतो आणि संघटना उभी राहते. तो क्रम अर्थाचा आहे. शिवाय त्याच जुलै महिन्यात बाबासाहेबांची व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळावर मजूरमंत्री म्हणून नियुक्ती झाली होती. ते सरकारात चालले होते आणि मागे राहणाऱ्या समाजाला सांगत होते की, आता तुम्ही काय करायचे. त्याच भाषणात त्यांनी हेही सांगितले की, ही लढाई संपत्तीसाठी किंवा सत्तेसाठी नाही, माणूसपण परत मिळवण्यासाठी आहे. आमच्या निवडणुकीच्या पोस्टरवर हा भाग कधी छापलेला कोणी पाहिला आहे काय?

मराठी घोषणा चुकीची आहे, कमानी पुसून टाका, असे आम्ही म्हणत नाही. त्या घोषणेने तीन-चार पिढ्या उभ्या केल्या. आम्ही स्वतः ती ओरडत मोठे झालो. पण फक्त तिसरा शब्द उचलायचा, पहिल्याला शिवायचे नाही आणि दुसऱ्याच्या नावाने गटतट करायचे, हा प्रकार ज्यांच्या अंगवळणी पडला आहे, त्यांनी नागपूरचे ते भाषण एकदा पूर्ण वाचावे.

दुसरे उदाहरण आमच्या विदर्भाचे. वेगळ्या विदर्भाची सभा असली की वक्ते ठणकावून सांगतात, बाबासाहेबांनीही वेगळा विदर्भ मागितला होता. १९५५ सालच्या ‘थॉट्स ऑन लिंग्विस्टिक स्टेट्स’मध्ये त्यांनी मराठी मुलखाचे चार भाग सुचवले, मुंबई, पश्चिम, मध्य आणि पूर्व महाराष्ट्र. आपला बुलडाणा पूर्व महाराष्ट्रात धरला आहे. ही गोष्ट खरी. पण कारण काय दिले? मोठ्या राज्यात एकच बलाढ्य जात सगळी सत्ता गिळते आणि लहान जाती चिरडल्या जातात, राज्ये लहान असतील तर हा भार थोडा हलका होईल. १९५३ च्या राज्यसभेतली चिंता ती हीच. आता व्यासपीठावर बसलेल्यांना विचारा की, उद्याच्या विदर्भात एका जातीची पाटीलकी राहणार नाही, याची हमी कोण देतो? या प्रश्नावर आम्हाला आजवर माईक मिळालेला नाही.

मग विहारातल्या एका बाईंनी, त्या अंगणवाडीत काम करतात, आम्हाला अडवले. म्हणाल्या, “सर, हे सगळं ठीक आहे. पण ते ‘फॅशन’वाले बोलले, तेव्हा त्यांचे लोकही म्हणत होते की आमचं वाक्य तोडलं. मग तेही खरं धरायचं का?”

प्रश्न रास्त होता. १७ डिसेंबर २०२४ रोजी संविधानावरील चर्चेला उत्तर देताना केंद्रीय गृहमंत्री अमित शहा राज्यसभेत म्हणाले की, आता आंबेडकर, आंबेडकर म्हणण्याची फॅशन झाली आहे, एवढे नाव देवाचे घेतले असते तर सात जन्म स्वर्ग मिळाला असता. काही सेकंदांची ती क्लिप देशभर फिरली. दुसऱ्या दिवशी त्यांनी पत्रकार परिषद घेऊन सांगितले की, आपले बोलणे मोडतोड करून दाखवले जात आहे.

नियम सर्वांना सारखा असला पाहिजे. म्हणून आम्ही त्यांचेही पुढचे बोलणे पाहिले. क्लिपच्या पुढे ते काँग्रेसला उद्देशून म्हणतात की, नाव शंभर वेळा घ्या, पण त्यांच्याबद्दल तुमच्या मनात काय आहे ते सांगा, त्यांना मंत्रिमंडळातून का बाहेर पडावे लागले ते सांगा. तेव्हा गृहमंत्र्यांनी बाबासाहेबांचे नाव घ्यायला बंदी केली, असे जे कोणी पसरवले ते खरे नव्हते. टोमणा काँग्रेसला होता. हे कबूल करायला आम्हाला कमीपणा वाटत नाही. आणि तो टोमणा पूर्ण निराधारही नव्हता. १९५२ साली मुंबईत आणि १९५४ साली भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीत बाबासाहेबांना पाडणारे कोण होते? भारतरत्न आणि संसदेच्या सेंट्रल हॉलमधले तैलचित्र, दोन्हींना १९९० साल का उजाडावे लागले? त्या आठवड्यात संसदेच्या आवारात निळे कपडे घालून आलेल्यांनी याचे उत्तर आधी द्यायला हवे होते.

पण संदर्भ तपासायचा तर अर्ध्यावर थांबून कसे चालेल? राजीनाम्याची कारणे म्हणून वृत्तपत्रांत आलेल्या त्या उताऱ्यात अनुसूचित जातींना मिळणारी वागणूक, परराष्ट्र धोरण आणि कलम ३७० आहे. हिंदू कोड बिल नाही! १० ऑक्टोबर १९५१ चे बाबासाहेबांचे निवेदन ज्याने वाचले आहे त्याला ठाऊक आहे की, अनुसूचित जातींची उपेक्षा आणि काश्मीरसह परराष्ट्र धोरण ही कारणे त्यात आहेतच, पण शेवटचा घाव हिंदू कोड बिलाचा होता. स्त्रियांना वारसा, घटस्फोट आणि बरोबरीचा हक्क देणारे ते बिल कोणी रोखले, रस्त्यावर कोणी विरोध केला, हे सांगायला लागले असते तर आपल्याच घराचा पत्ता द्यावा लागला असता. दुसऱ्याने वाक्य तोडले म्हणून तक्रार करणाऱ्यांनी बाबासाहेबांचा राजीनामा असा तोडून दाखवला.

आणि ऐकणारा कोण होता, हाही संदर्भच आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात ज्यांनी बावीस प्रतिज्ञा घेतल्या, देव-देवता आणि अवतार सोडले, त्यांची मुले हे ऐकत होती. त्यांना सांगायचे की, देवाचे नाव घेतले असते तर सात जन्मांचा स्वर्ग मिळाला असता! बोलणाऱ्याच्या मनात काँग्रेस असेल, पण शब्द येऊन पडले ते आमच्या उंबऱ्यावर. शिवाय तो आठवडा कोणता होता? १० डिसेंबरला परभणीत बाबासाहेबांच्या पुतळ्यासमोरच्या संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. दुसऱ्या दिवशी बंद, दगडफेक, मग धरपकड. १५ डिसेंबरला कायद्याचे शिक्षण घेणारा आपला एक तरुण न्यायालयीन कोठडीत मरण पावला. त्यानंतर दोनच दिवसांनी हे ‘फॅशन’ आले. परभणी साखरखेर्ड्याहून फार दूर नाही. आपल्या वस्तीतल्या कितीतरी घरांच्या सोयरिकी तिकडे आहेत. दिल्लीच्या सभागृहातल्या माणसाला हे माहीत नसेल, असे आम्ही धरून चालतो. परंतु गृहमंत्र्याला ते माहीत असायला हवे होते.

त्या अंगणवाडीताईंना आम्ही एवढेच उत्तर दिले. त्यांचे समाधान झाले की नाही, हे सांगता येत नाही. त्या म्हणाल्या, “म्हणजे पूर्ण वाचूनही राग राहतोच की.” आम्ही म्हणालो, राहतो. पण आता तो कशाचा आहे ते आपल्याला सांगता येते.

राहता राहिला तो पोरगा. रात्री साडेदहाच्या सुमारास त्याने स्टेटस काढले. कोणी सांगितले म्हणून नव्हे, चोवीस तास होत आले होते, ते आपोआपच जाणार होते, असे तोच हसत म्हणाला. पुढच्या आठवड्यात तो मेहकरला आमच्याकडे आला आणि १९५३ व १९५५ च्या भाषणांच्या पानांच्या दोन-दोन झेरॉक्स काढून घेऊन गेला. दोन कशाला, म्हणून आम्ही विचारले. एक विहाराच्या कपाटात ठेवायची होती. दुसरी त्या वर्गातल्या मुलाला द्यायची होती, ज्याची कॉलर त्याने धरली होती.

इंग्रजी दोघांचेही बेताचे. त्यामुळे परवाच्या पौर्णिमेला दोघेही विहाराच्या ओट्यावर डिक्शनरी घेऊन बसले होते, असे म्हातारबांनी फोनवर सांगितले. मंदिरात राक्षस शिरल्याच्या दृष्टांतापर्यंत ते आले आहेत. म्हातारबांचा नवा प्रश्न असा आहे, “वकीलसाहेब, ते देऊळ आता कोणाच्या ताब्यात हाय, ते लिहिलंय का त्याच्यात?”

येत्या रविवारी आम्ही साखरखेर्ड्याला जाणार आहोत. खंड सोबत नेणार आहोत.